ल्युकेमिया की लिम्फोमा? कोड देताना नेमकं कशावरून ठरवायचं?

शब्दसूची

मंडळी, अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या आंतररुग्ण फायलींना आयसीडी-१०-सीएमचे, म्हणजे आजारांच्या अमेरिकी यादीतले, कोड देणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. इथे पुण्या-मुंबईतले, नागपुरातले बरेच कोडर आहेत, म्हणून नीट चर्चा होईल अशी आशा.

नमुना फाइल अशी. वय ६८. निदान लिहिलंय 'सीएलएल/एसएलएल' (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया/स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा). पांढऱ्या पेशी ४८,०००, त्यात लिम्फोसाइट ८५ टक्के. मानेत आणि काखेत दोन्हीकडे दीड-दोन सेंटिमीटरच्या गाठी. प्लीहा थोडी वाढलेली. बोन मॅरोतही (अस्थिमज्जेतही) लिम्फोसाइट भरपूर. अजून उपचार सुरू नाहीत.

माझं म्हणणं असं: रक्तात आहे म्हणून ल्युकेमिया, गाठींत आहे म्हणून लिम्फोमा. म्हणजे सी९१.१० आणि सी८३.०८ दोन्ही, वर गाठींसाठी सी७७.८. बरोबर आहे का?

निळीशाई

दोन्ही नाही. सी८३.० उघडा आणि त्याखालचं एक्सक्लूड्स-१ वाचा.

ऑडिटवाली

निळीशाई यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, फक्त थोडं उलगडून सांगते.

सी८३.० म्हणजे स्मॉल सेल बी-सेल लिम्फोमा. त्याच्याखाली एक्सक्लूड्स-१मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सी९१.१, स्पष्ट लिहिलाय. एक्सक्लूड्स-१चा अर्थ 'हे दोन एकत्र लावू नका'. सी८३.०च्या समावेशाच्या ओळींत बी-सीएलएलचा 'ल्युकेमिक नसलेला प्रकार' आहे, हेही बघा. म्हणजे टॅब्युलर लिस्ट (कोडांची क्रमवार यादी) स्वतःच सांगतेय की रक्तात उतरलेला आजार सी९१.१कडे आणि न उतरलेला सी८३.०कडे.

सी७७चं तर नावच घेऊ नका. तो दुसरीकडून येऊन गाठीत बसलेल्या कर्करोगाचा कोड आहे, स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग गाठीत गेला तर लागतो. सीएलएलमधल्या गाठी म्हणजे मूळ आजारच. प्लीहा वाढलीय म्हणून आर१६.१ही नको, ते त्या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे.

या फाइलला सी९१.१०. शेवटचं शून्य कारण रेमिशनचा, म्हणजे आजार आटोक्यात आल्याचा, उल्लेख नाही आणि उपचारही सुरू नाहीत.

पेशीवेल्हाळ

पॅथॉलॉजीच्या बाजूने चार शब्द. सीएलएल आणि एसएलएल हे दोन आजार नाहीतच. पेशी तीच: सीडी५ आणि सीडी२३ ही पृष्ठभागावरची प्रथिनं असलेली, सीडी२० फिकट दाखवणारी बी-लिम्फोसाइट. फरक फक्त तिचा मुक्काम कुठे आहे एवढाच. रक्तात अशा एकाच कुळातल्या बी-लिम्फोसाइट दर मायक्रोलिटरला ५,००० किंवा जास्त, आणि तीन महिने टिकून, तर सीएलएल. ५,०००च्या खाली, पण गाठी किंवा प्लीहा वाढलेली, तर एसएलएल. ५,०००च्या खाली आणि गाठीही नाहीत, प्लीहाही नाही, तर यातलं काहीच नाही. त्या स्थितीला मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस म्हणतात.

तुमच्या फाइलमध्ये ४८,०००चे ८५ टक्के म्हणजे ४०,८००. उंबरठ्याच्या आठपट. गाठी आहेत म्हणून तो लिम्फोमा होत नाही. सीएलएलच्या राय स्टेजिंगमध्ये गाठी वाढणं ही स्टेज १, प्लीहा किंवा यकृत वाढणं स्टेज २, हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की स्टेज ३, प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या की स्टेज ४. गाठी आजाराच्या व्याख्येतच बसवलेल्या आहेत.

गुरुवारपेठ

मग उलट बाजू. डॉक्टरांनी 'सीएलएल' लिहिलंय, पण लिम्फोसाइट मोजून ३,२०० आणि पोटात मोठ्या गाठी. आकड्यानुसार एसएलएल. कोडरने सी८३.०३ लावावा की नाही? रिपोर्ट समोर दिसतोय तर चुकीचं निदान पुढे का ढकलायचं?

ऑडिटवाली

गुरुवारपेठ, इथे मी ठामपणे असहमत. अधिकृत मार्गदर्शक सूचनांमधला विभाग १-ए-१९ काढून वाचा: कोड उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या निदानाच्या विधानावरून ठरतो, निदानाचे निकष पुरे झालेत की नाही यावरून नाही. आकडा बघून निदान बदलणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, आहे, आणि ती इथे टाकायलाच हवी.

पेशीवेल्हाळांनी दिलेल्या आकड्यांचा कोडरला उपयोग एवढाच, की क्वेरी कधी टाकायची ते कळतं. आणखी एक खूण सांगते: फाइलमध्ये 'राय' किंवा 'बिने' स्टेज लिहिली असेल तर डॉक्टरांच्या डोक्यात सीएलएल आहे. 'ॲन आर्बर' किंवा 'लुगानो' असेल तर लिम्फोमा. निदानाचं नाव एक आणि स्टेजिंग दुसऱ्याचं, असं दिसलं की थांबा. ही खूण बघून परस्पर कोड मात्र देऊ नका.

क्वेरी जाते इंग्रजीतच, इथे मराठीत मांडते:

'भरतीच्या टिपणात निदान सीएलएल, डिस्चार्ज समरीत स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. एकूण लिम्फोसाइट ३,२००. सीटीत पोटातल्या अनेक गाठी, सर्वात मोठी ४ सेंमी. ॲन आर्बर स्टेज ३ नोंदवली आहे. या भरतीत ज्या आजाराचा विचार किंवा उपचार झाला त्याचं निदान कृपया स्पष्ट करावं: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया / स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा / अन्य, कृपया लिहा / सांगता येत नाही.'

पैशाचा, डीआरजीचा (बिलाची रक्कम ठरवणाऱ्या गटाचा) उल्लेख क्वेरीत कधीही नको. आणि 'एसएलएल आहे ना?' असा हो-नाहीचा प्रश्नही नको.

गुरुवारपेठ

पटलं. १-ए-१९ मी फक्त सेप्सिसच्या संदर्भात धरत होतो.

रात्रपाळी

नावावर भरवसा ठेवून चालत नाही अशा जागा बऱ्याच आहेत, त्या इथे लिहून ठेवतो, नवीन लोकांच्या कामी येतील.

ॲडल्ट टी-सेल लिम्फोमा/ल्युकेमिया, एचटीएलव्ही-१ विषाणूशी जोडलेला: नावात लिम्फोमा पुढे, पण कोड सी९१.५, म्हणजे ल्युकेमियाच्या घरात. मायलॉइड सार्कोमा, जुनं नाव क्लोरोमा: घट्ट गोळा असतो, कातडीत किंवा डोळ्याच्या खोबणीत, सीटीवर ट्यूमरच दिसतो, पण सी९२.३. 'सार्कोमा' शब्द बघून सी४९कडे धावू नका. याउलट सेझरी: रक्तात पेशी फिरत असतात तरी सी८४.१, लिम्फोमा. प्लाझ्मा सेल ल्युकेमिया नावाने ल्युकेमिया, पण राहतो मायलोमाच्या शेजारी, सी९०.१. वाल्डेनस्ट्रोम सी८८.०. बर्किटची तर दोन घरं आहेत: बर्किट लिम्फोमा सी८३.७, आणि बर्किट प्रकारचा पक्व बी-सेल ल्युकेमिया सी९१.ए.

सगळ्यात जास्त चुका मात्र 'ल्युकेमिक फेज' या दोन शब्दांवर होतात. 'मँटल सेल लिम्फोमा, ल्युकेमिक फेज' म्हणजे मँटल सेलच्या पेशी रक्तात उतरल्या. आजार मँटल सेलच, कोड सी८३.१. एन्कोडरमध्ये (कोड शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'ल्युकेमिया' टाइप केलं की सी९५.९० पुढे येतो आणि घाईत तोच स्वीकारला जातो. फॉलिक्युलर लिम्फोमा रक्तात दिसला तरी सी८२च.

पेशीवेल्हाळ

+१. मँटल सेल तर सीएलएलशी हमखास गल्लत करणारा. तोही सीडी५ दाखवतो, पण सीडी२३ सहसा नाही, आणि सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह, ११ आणि १४ गुणसूत्रांची अदलाबदल. रिपोर्टमध्ये सायक्लिन डी१ पॉझिटिव्ह दिसतोय आणि डॉक्टरांनी सीएलएल लिहिलंय, तर ती क्वेरी आजच्या आज.

मोगरा७७

अवांतर: 'लिम्फोमा' की 'लिंफोमा'? आणि याला मराठीत सरळ 'रक्ताचा कर्करोग' म्हणतात ते कितपत बरोबर?

पेशीवेल्हाळ

मोगरा, दोन्ही चालतं. 'ल्युकेमिया' हे नाव फिर्खो यांनी १८४७ साली दिलं, ग्रीकमधून: पांढरं रक्त. पांढऱ्या पेशी इतक्या की रक्ताचा रंगच बदलावा. हॉजकिन यांनी गाठींच्या आजाराचं वर्णन त्याआधी, १८३२ साली केलं. म्हणजे एक नाव रक्त बघून पडलं, दुसरा आजार गाठी बघून ओळखला गेला. पेशींची ओळख पटवणारी साधनं फार नंतर आली, पण वर्गीकरणाची घरं तोवर बांधून झाली होती. एकाच पेशीला सी८३ आणि सी९१ असे दोन पत्ते आहेत ते त्यामुळे.

कोयनाकाठ

घर बरोबर निवडलं तरी पाचव्या कॅरेक्टरवर गाडी घसरते, त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

ल्युकेमियात, म्हणजे सी९१ ते सी९५मध्ये, पाचवं कॅरेक्टर आजाराची अवस्था सांगतं: ० रेमिशन नाही, १ रेमिशनमध्ये, २ पुन्हा उलटला. लिम्फोमात, सी८१ ते सी८५मध्ये, तेच कॅरेक्टर जागा सांगतं: १ डोकं-चेहरा-मान, २ छातीच्या आत, ३ पोटाच्या आत, ४ काख आणि हात, ५ जांघ आणि पाय, ६ ओटीपोट, ७ प्लीहा, ८ अनेक ठिकाणच्या गाठी, ९ गाठींबाहेरची इंद्रियं, ० जागा नोंदलेली नाही.

आता सी९१.११ आणि सी८३.०१ शेजारी ठेवून बघा. पहिल्यातला १ म्हणजे 'आजार आटोक्यात आलाय', दुसऱ्यातला १ म्हणजे 'मानेत गाठी आहेत'. सीएलएलच्या रुग्णाच्या मानेत गाठी आहेत म्हणून कोणी १ लावला, तर कागदावर तो रुग्ण रेमिशनमध्ये गेला. एका आकड्याने आजारी माणूस बरा होतो. ऑडिटमध्ये असे कोड शोधायचे असतील तर सी९१.११ असलेल्या आणि कधीच केमो न झालेल्या फायली काढा.

लिम्फोमाचं ८ फक्त अनेक ठिकाणच्या गाठींसाठी आहे. बोन मॅरोत गेलेला लिम्फोमा ९ने दाखवायचा, सी७९.५२ने नव्हे.

निळीशाई

कोयनाकाठ, शेजारी ठेवलेल्या दोन कोडांची जोडी फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे. वाचनखूण साठवली.

ऑडिटवाली

कोयनाकाठ यांच्या यादीत एक भर: १ ऑक्टोबर २०२४पासून लिम्फोमालाही रेमिशनचं कॅरेक्टर मिळालंय, 'ए'. एसएलएल रेमिशनमध्ये असेल तर सी८३.०ए. त्याआधी रेमिशनमधल्या लिम्फोमालाही जागेचाच कोड लागायचा. त्याच दिवशी सी८३.३९ दुभंगला: मेंदू-मज्जारज्जूतल्या प्राथमिक लिम्फोमाला सी८३.३९०, बाकी गाठींबाहेरच्या ठिकाणी सी८३.३९८. पाच कॅरेक्टरचा सी८३.३९ आता अपुरा म्हणून परत येतो. तारीख बघायची ती डिस्चार्जची, भरतीची नाही. २८ सप्टेंबरला भरती आणि २ ऑक्टोबरला डिस्चार्ज झालेली फाइल नव्या पुस्तकाने.

गुरुवारपेठ

रेमिशन आणि 'पूर्वी होता' यातली सीमा कुठे? झेड८५.६ कधी लावायचा? मोलेक्युलर रिपोर्टमध्ये काहीच सापडलं नाही असं लिहिलेलं असतं.

कोयनाकाठ

रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही म्हणजे रेमिशन, असा अर्थ आपण लावायचा नाही. सीएमएलच्या (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या) रुग्णाला इमॅटिनिब हे औषध चालू आहे, डॉक्टरांनी 'मेजर मोलेक्युलर रिस्पॉन्स' लिहिलंय, 'रेमिशन' शब्द कुठेच नाही, तर क्वेरी. ल्युकेमिया रेमिशनमध्ये आहे की नाही हे स्पष्ट नसेल तर विचारा, असं मार्गदर्शक सूचनाच सांगतात.

एएलएलचा (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा) रुग्ण मेंटेनन्सच्या गोळ्यांवर आहे, ती दोन-तीन वर्षं चालतात. तो रेमिशनमध्ये, सी९१.०१. झेड८५.६ नाही. 'पूर्वी होता' हे डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि उपचार संपले असतील तरच. त्यातही घरं वेगळी: ल्युकेमिया झेड८५.६, हॉजकिन झेड८५.७१, नॉन-हॉजकिन झेड८५.७२. सगळ्यांना एकच लावतात, ती सर्रास दिसणारी चूक. मूळपेशी प्रत्यारोपण झालं असेल तर झेड९४.८४ जोडा, पण त्याने रेमिशन सिद्ध होत नाही.

हिमोग्लोबिन

सीएलएल/एसएलएलमध्ये घर चुकलं तर नोंद चुकते, पण डीआरजी सहसा बदलत नाही. मुख्य निदान म्हणून दोन्ही ८४०-८४२मध्येच, 'लिम्फोमा आणि अक्यूट नसलेला ल्युकेमिया'. खरा धोका लिम्फोब्लास्टिकमध्ये आहे.

तिथेही पेशी तीच. छातीत मोठा गोळा घेऊन आलेला पोरगेला रुग्ण, दम लागतोय, टी-लिम्फोब्लास्टिक. मॅरोत ब्लास्ट (अपक्व पेशी) २५ टक्क्यांच्या खाली असतील तर प्रघाताप्रमाणे लिम्फोमा, सी८३.५, छातीतल्या गाठी असतील तर सी८३.५२. २५ किंवा वर असतील तर एएलएल, सी९१.००. आता हा रुग्ण केमोसाठी भरती झाला तर मुख्य निदान झेड५१.११, आणि दुय्यम निदानात अक्यूट ल्युकेमिया असेल तर डीआरजी ८३७-८३९, लिम्फोमा असेल तर ८४६-८४८. फरक मोठा.

डॉक्टर अनेकदा 'टी-लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया/लिम्फोमा' असं तिरक्या रेघेसकट लिहितात, कारण पॅथॉलॉजीच्या वर्गीकरणातलं नावच तसं आहे. त्या रेघेवर कोड बेतू नका. क्वेरी टाका आणि मॅरोतल्या ब्लास्टचं प्रमाण त्यात नोंदवा.

रात्रपाळी

हिमोग्लोबिन, एक शंका. २५चा आकडा एएलएलचा, आणि एएमएलचा (अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचा) २० ना? दोन्ही एकत्र करून '२० टक्के' सांगणारी टिपणं फिरत असतात.

हिमोग्लोबिन

बरोबर. एएमएलसाठी २०. लिम्फोब्लास्टिकमध्ये ल्युकेमिया-लिम्फोमा वेगळे करायला २५. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं आहेत.

बार्शीकर

इथपर्यंत सगळं अमेरिकेच्या बिलिंगचं झालं. कर्करोग नोंदणीत काम करणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे मुंबईत १९६३पासून लोकसंख्येवर आधारित नोंदणी आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७पासून. तिथे पेशीप्रकारासाठी आयसीडी-ओ-३ ही कर्करोगांची वेगळी यादी वापरतात, आणि सीएलएल/एसएलएलला एकच कोड: ९८२३/३. इथे भांडण नावाचं नाही, जागेचं आहे. रक्त किंवा मॅरोत असेल तर मूळ जागा सी४२.१, फक्त गाठींत असेल तर सी७७. बिलिंगमधून नोंदणीत आलेल्यांनी नीट लक्ष द्या: आयसीडी-ओमधला सी७७ म्हणजे 'गाठी ही मूळ जागा', आणि आयसीडी-१०मधला सी७७ म्हणजे 'गाठीत दुसरीकडून आलेला'. अक्षरं तीच, अर्थ उलटा.

मृत्यूच्या कारणांना कोड देताना आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० लागतं. त्यात ते पाचवं कॅरेक्टर नाही, म्हणून सी९१.१वर थांबा. आणि आयसीडी-११ने वाद मिटवलाय: २ए८२.०, नाव 'क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया किंवा स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा'. एकच पत्ता.

मोगरा७७

म्हणजे आयसीडी-११ आलं की हा धागा बंद?

बार्शीकर

मोगरा, अमेरिकेचं बिलिंग अजून सीएमवरच आहे. धागा बराच काळ चालेल.

निळीशाई

शोध घेताना नवशिक्यांचे पाय अडकतात ते शब्द: ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणजे ल्युकेमिया नाही, डी७२.८२३. ल्युकोसायटोसिस डी७२.८२९. लिम्फोसायटोसिस डी७२.८२०. लिम्फॅडेनोपॅथी म्हणजे नुसत्या वाढलेल्या गाठी, आर५९. 'लिम्फोमा असण्याची शक्यता' बाह्यरुग्णात लिहिलं असेल तर लिम्फोमाचा कोड नाही, आर५९वर थांबा. आंतररुग्णात डिस्चार्जच्या वेळी 'बहुधा लिम्फोमा' लिहिलं असेल तर लिम्फोमाचा कोड लागतो. हा फरक माहीत नसेल तर गाठ वाढली म्हणून आलेल्या माणसाच्या नावावर आयुष्यभरासाठी कर्करोग चिकटतो.

शब्दसूची

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं मूळ मत चुकीचं होतं, सी९१.१० मान्य. अजून एक राहिलं. याच रुग्णाचा आजार पुढे रिश्टर होऊन, म्हणजे रूप बदलून, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा झाला, तर?

रात्रपाळी

सी८३.३, कारण आता तो आक्रमक लिम्फोमा आहे, उपचारही त्याचेच.

ऑडिटवाली

रात्रपाळी, घाई नको. 'रिश्टर सिंड्रोम' हे शब्द सी९१.१च्या समावेशाच्या ओळीत लिहिलेत. फक्त 'रिश्टर' लिहिलं असेल तर इंडेक्स सी९१.१कडेच नेतो. डॉक्टरांनी डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा स्वतंत्रपणे, जागेसकट लिहिला आणि उपचार त्याचे केले, तर सी८३.३ही लागेल असं माझं मत. सी८३.०सारखं एक्सक्लूड्स-१ तिथे आड येत नाही.

रात्रपाळी

ताई, मान्य. समावेशाची ओळ माझ्या नजरेतून सुटली होती.

शब्दसूची

आणि रुग्ण फक्त रक्त चढवायला भरती झाला, हिमोग्लोबिन ६.८, कारण सीएलएलच, असं डॉक्टरांनी लिहिलंय. तर डी६३.० आधी?

कोयनाकाठ

नाही. कर्करोगामुळे झालेल्या ॲनिमियासाठी भरती झाली तरी क्रम असा: आधी सी९१.१०, मग डी६३.०. केमोमुळे ॲनिमिया असता तर मात्र डी६४.८१ आधी आणि ल्युकेमिया नंतर. म्हणून त्या टिपणात 'कशामुळे' हा शब्द शोधा. नसेल तर त्याचीही क्वेरी.